मान्ना आणि मोहफूल
रोजच्या धडपडीत देवाजवळ राहण्याविषयी एक अभ्यासपाठ

वाचनासाठी शास्त्रभाग : निर्गम १६, गणना ११:४-९, योहान ६:३०-३५



उपवासकाळ आणि मोहफुलांचा हंगाम आपल्या भागात बहुधा एकाच वेळी येतात. फेब्रुवारी संपता संपता मोहाची पाने गळतात, मार्चमध्ये फुले पडू लागतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून माणसे अंधारातच टोपल्या घेऊन रानाची वाट धरतात. याच दिवसांत ख्रिस्तसभा आपल्याला प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांसाठी बोलावते. मग पुष्कळांच्या मनात प्रश्न येतो : पहाटे रानात, दिवसा उन्हात, संध्याकाळी अंग मोडून आलेले, अशा वेळी देवाजवळ बसायला वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न फक्त मोह वेचणाऱ्यांचा नाही. कोळसा खाणीत आणि वीज केंद्रात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचा आहे, धानाच्या बांधीत चिखल तुडवणाऱ्यांचा आहे, सिकलसेलने आजारी असलेल्या मुलाला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या आईचाही आहे. मन प्रार्थनेत लागत नाही, घरात कटकटी आहेत, डोक्यावर कर्ज आहे. "आमच्यासारख्यांना कसली भक्ती जमणार?" असे म्हणून आपण हळूहळू देवापासून दूर सरकतो. कोणी रागाने देवाला सोडत नाही, थकव्याने सोडतो. म्हणून आज आपण पवित्र शास्त्रातील एका ओळखीच्या कथेचा अभ्यास करू. ती कथाही पहाटे उठून रानात वेचायला जाणाऱ्या माणसांचीच आहे.

१. पहाटे वेचायचे अन्न

मिसर देशातील गुलामगिरीतून सुटून इस्राएल लोकांना एक महिना झाला होता. ते सीन नावाच्या रानात आले आणि जवळचे अन्न संपले. लोक मोशे आणि अहरोन यांच्यावर कुरकुर करू लागले. गुलामीत का होईना, पोटभर तरी मिळत होते असे त्यांना वाटू लागले. परमेश्वराने ती कुरकुर ऐकली आणि संध्याकाळी लावे पक्षी व सकाळी मान्ना दिला. दव उडून गेल्यावर जमिनीवर पातळ, खवल्यासारखे काहीतरी पडलेले दिसे. लोकांनी एकमेकांना विचारले, हे आहे तरी काय? त्या प्रश्नावरूनच त्याला मान्ना हे नाव पडले (निर्गम १६:१३-१५, ३१). तो धण्यासारखा दिसे, चवीला गोड असे. लोक तो दळत, कुटत, शिजवत आणि त्याच्या भाकरी करत (गणना ११:७-८). ऊन तापले की तो वितळून जाई (निर्गम १६:२१).

मोह वेचणाऱ्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. मोहफूल रात्री उशिरा आणि पहाटे गळते. सकाळी लवकर पोहोचले तर टोपली भरते. उशीर झाला तर गुरे, हरणे आणि अस्वले आधी येऊन गेलेली असतात. फूल आपण घडवत नाही. झाड पेरायला, खत घालायला, पाणी द्यायला आपण गेलो नव्हतो. ते वरून पडते. आपण फक्त वाकून वेचायचे असते. मात्र वाकावे लागते. घरी बसून टोपली भरत नाही.

देवाच्या कृपेचेही असेच आहे. कृपा आपण कमवत नाही, ती मिळते. तरी ती घेण्यासाठी उठावे लागते, वाकावे लागते. प्रार्थना म्हणजे एवढेच : जे वरून पडले आहे ते वेचायला जाणे.

२. रोजचे रोज

मान्नाविषयी देवाचा नियम साधा होता. प्रत्येकाने त्या दिवसापुरते गोळा करावे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. काहींनी ऐकले नाही. सकाळी पाहतात तो साठवलेल्या मान्नात किडे पडले होते आणि त्याला दुर्गंधी सुटली होती (निर्गम १६:१९-२०). देवाने असा नियम का केला? भांडारे भरून देणे त्याला अवघड नव्हते. परंतु भांडार भरले की माणूस भांडाराकडे पाहतो, देणाऱ्याकडे पाहत नाही. त्यांना रोज सकाळी देवाकडे पाहण्याची सवय लागावी म्हणून मान्ना रोजचा होता. पुढे मोशेने हेच लोकांना समजावून सांगितले आहे (अनुवाद ८:२-३).

आपली एक मोठी चूक इथेच होते. आपल्याला वाटते, एखादी नोव्हेना केली, एखाद्या रिट्रीटला जाऊन आलो, नाताळात मनापासून पापनिवेदन केले की वर्षभर पुरेल. त्या गोष्टी चांगल्याच आहेत. पण कालच्या मान्नावर आजचा दिवस निघत नाही. लग्नाच्या दिवशी नवऱ्याने बायकोशी गोड बोलून मग वर्षभर तोंड फिरवले, तर तो संसार होईल का? प्रभू येशूनेही आपल्याला जी प्रार्थना शिकविली तिच्यात वर्षाची नव्हे, आजची भाकर मागायला सांगितले आहे.

यात मोठा दिलासाही आहे. देव आज तुमच्याकडून उद्याची शक्ती मागत नाही. उद्या मुलीच्या फीचे काय, पावसाळ्यात नदीला पूर आला तर काय, म्हातारपणी कोण पाहील, या सगळ्यासाठी लागणारी कृपा आज हातात दिसणार नाही. ती त्या त्या दिवशी पहाटे पडलेली असेल. मान्ना चाळीस वर्षे पडत राहिला. लोक वचनदत्त देशात पोहोचून तिथले धान्य खाऊ लागले तेव्हाच तो थांबला (यहोशवा ५:१२).

३. मान्नाचा कंटाळा

गणनाच्या अकराव्या अध्यायात फार प्रामाणिक गोष्ट लिहिली आहे. लोकांना मान्नाचा कंटाळा आला. मिसरातील मासे, काकड्या, कांदे, लसूण यांची आठवण काढून ते रडू लागले. डोळ्यांसमोर रोज मान्नाच, दुसरे काही नाही, अशी त्यांची तक्रार होती. देवाचे दान तेच होते. जिभेची चव गेली होती.

प्रार्थनेत हा अनुभव प्रत्येकाला येतो. जपमाळ हातात आहे, ओठ हलत आहेत, मन मात्र तेंदूपानांच्या हिशेबात किंवा शेजाऱ्याच्या बोलण्यात अडकलेले आहे. मिस्सेत डोळे जड होतात. मग वाटते, भाव नसेल तर प्रार्थना करणे म्हणजे ढोंगच. असे नाही. कोलकात्याच्या संत मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की, सुमारे पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. आत अंधार होता. तरी त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि रोज गरिबांकडे जात होत्या. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून जाहीर केले. लिझ्यूची संत तेरेझा (१८७३-१८९७) प्रार्थनेच्या वेळी पुष्कळदा झोपी जात असे. तिने त्याची फार खंत केली नाही. आईबापांना झोपलेले लेकरूही तितकेच प्रिय असते, असे ती समजत होती. तिला १९२७ साली मिशन कार्याची आश्रयदाती ठरविण्यात आले आणि १९९७ साली ख्रिस्तसभेची विद्वान आचार्या हा मान मिळाला.

भाव येतो आणि जातो. बायबलमध्ये विश्वासू असण्याला महत्त्व आहे, भावनेच्या भरतीला नाही. कंटाळलेल्या माणसानेही मान्ना वेचला तर त्याचे पोट भरत होते.

एखाद्याचा थकवा मात्र खरोखरच शरीराचा असतो. एलिया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, मग देवदूताकरवी भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला घातले (१ राजे १९:४-८). दिवसभर राबून आलेल्या बाईने घास खाऊन, क्रूसाची खूण करून अंग टाकले तर तेही देवाच्या हातात पडणेच आहे.

४. रानातली भीती

आपल्याकडे रानात जाणे म्हणजे जीव मुठीत घेऊन जाणे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प; वाघ राखले गेले ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु जंगलाच्या काठावर राहणाऱ्यांना त्याची किंमतही मोजावी लागते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशा बातमीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही भीती अविश्वास नव्हे. वादळात सापडलेल्या शिष्यांनी घाबरून येशूला हलवून उठविले. त्याने त्यांच्या अल्पविश्वासाबद्दल विचारले खरे, पण आधी वादळ शांत केले (मार्क ४:३७-४०). भीतीने मारलेली हाकही प्रार्थनाच असते.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली : ज्यांच्या घरात असा आघात झाला त्यांच्याबद्दल "त्यांची श्रद्धा कमी पडली" किंवा "काही पाप असेल" असे कोणीही बोलू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांहून जास्त पापी नव्हती, असे प्रभूने स्वतः स्पष्ट केले आहे (लूक १३:४-५). अशा घरी जाऊन शेजारी बसावे, चूल पेटवावी, मुलांना जेवू घालावे. दुसरी : देवावर भरवसा म्हणजे बेपर्वाई नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी मारून देवाची परीक्षा पाहण्यास येशूने नकार दिला (मत्तय ४:५-७). म्हणून एकट्याने न जाता सोबतीने जावे, वन विभागाने बंदी केलेल्या भागात शिरू नये, खाली वाकून वेचताना एकाने तरी लक्ष ठेवावे. झाडाखालचा पाला पेटवून देण्याची सवयही सोडावी. त्यातून वणवा पसरतो आणि देवाने दिलेले रान जळते. सावधपणा हाही विश्वासाचा भाग आहे.

५. मोह या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या भाषेत मोह हे झाडाचे नाव आहे आणि मनाच्या ओढीचेही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो आणि लगेच मोहापासून राखण्याची विनंती करतो. जंगलात राहणाऱ्याला हे जास्त चांगले कळावे, कारण त्याच फुलातून घरात पीठमीठही येते आणि त्याच फुलातून दारूही होते. दोष फुलाचा नाही. देवाने केलेले सर्व चांगले आहे. त्याचे काय करायचे हे माणूस ठरवतो.

दारूने आपल्या दोन जिल्ह्यांत किती घरे मोडली हे आपण जाणतो. लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आग्रहामुळे गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. कायदा असो वा नसो, घराच्या उंबरठ्याच्या आत निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. जो भाऊ पिण्याशी झगडतो आहे त्याला इतकेच सांगावेसे वाटते : मान्नाचा नियम तुमच्यासाठीही आहे. "आयुष्यात पुन्हा शिवणार नाही" ही शपथ डोंगराएवढी वाटते. आजचा दिवस देवाकडे मागा. आज संध्याकाळी त्या वाटेने जायचे नाही, एवढेच. उद्याचे उद्या. पडलात तर पापनिवेदनाला या; तिथे तुम्हाला हाकलून देणारा कोणी बसलेला नाही. व्यसन हा आजारही आहे, म्हणून उपचार घेण्यात कमीपणा मानू नका. आणि घरच्यांनी, मार खाऊन गप्प राहणे हाच क्रूस आहे असे समजू नये. फादर, सिस्टर, गावातली जाणती माणसे यांना वेळीच सांगावे.

६. सातवा दिवस

सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट मिळे आणि तो सातव्या दिवसापर्यंत टिके. तरी काही जण शब्बाथाच्या दिवशीही टोपल्या घेऊन निघाले. त्यांना काही मिळाले नाही (निर्गम १६:२२-२७). हंगामात आपली अवस्था अशीच होते. एक रविवार बुडतो, मग दुसरा, आणि हंगाम संपला तरी पाय चर्चकडे वळत नाहीत.

इसवी सन ३०४ मध्ये, सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती उपासनेवर बंदी घातली असताना, उत्तर आफ्रिकेतील अबितीना गावच्या ४९ जणांना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडण्यात आले. न्यायाधीशाने कारण विचारले तेव्हा, रविवारच्या मेळाव्याशिवाय आम्ही जगूच शकत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि प्राण दिले. रविवार हा त्यांना जादा भार वाटत नव्हता. तो त्यांचा श्वास होता.

पोट हातावर असलेल्या कुटुंबाची अडचण ख्रिस्तसभा जाणते. कुटुंबाची खरी गरज असेल तर रविवारच्या विश्रांतीच्या नियमातून सूट मिळू शकते. पण ती सूट सवय होऊ नये, असे कॅथलिक श्रद्धाग्रंथ सांगतो. म्हणून आधीच ठरवावे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. आपल्या सोयीच्या वेळेविषयी फादरांशी बोलावे. घरातील सगळे एकदम रानात जात असतील तर पाळी लावावी. अगदीच शक्य नसेल त्या रविवारी झाडाखाली, काम सुरू करण्यापूर्वी, त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचावे आणि मनाने ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की, रानातील मान्ना खाणारे मेले. स्वर्गातून आलेली खरी भाकर तो स्वतः आहे. ती भाकर ज्या मेजावर मिळते त्या मेजापासून फार दिवस लांब राहणे म्हणजे उपाशी राहणे.

७. ज्याने जास्त वेचले, ज्याने कमी वेचले

मान्ना मापून पाहिला तेव्हा जास्त वेचणाऱ्याचे उरले नाही आणि कमी वेचणाऱ्याला कमी पडले नाही (निर्गम १६:१८). संत पौलाने करिंथच्या लोकांना गरीब बांधवांसाठी मदत गोळा करताना हाच दाखला दिला (२ करिंथ ८:१३-१५). देवाजवळ राहणे हे एकट्याचे काम नाही.

मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात काम करणाऱ्या सिस्टर राणी मरिया यांनी सावकारांच्या कचाट्यात सापडलेल्या गरीब आदिवासींना एकत्र आणले, बचत शिकविली, हक्क समजावले. त्यामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या घडवून आणली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांची प्रार्थना आणि त्यांचे काम वेगळे नव्हते. आपल्याकडेही गरजेपोटी फुले हंगामातच स्वस्तात विकावी लागतात आणि पुढे भाव चढतो. चार कुटुंबांनी मिळून माल थोडा थांबवून विकला, आजारी शेजारणीच्या वाटची फुले वेचून दिली, तर ते निर्गमच्या सोळाव्या अध्यायाचेच पालन आहे.

८. दिवसभरात देवाची आठवण

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांनी पुष्कळ वर्षे स्वयंपाकघरात आणि पुढे चपला दुरुस्त करण्यात काढली. भांड्यांच्या गोंगाटातही देवाशी बोलता येते हे त्यांनी जगून दाखविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे असे शिकविले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मधील आपल्या पत्रात लेकरांना मायेने वाढवणारे आईबाप व भाकरीसाठी कष्ट करणारी माणसे यांतही पवित्रता दिसते असे लिहिले. मग आपण काय करू शकतो?

– उठल्याबरोबर, बॅटरी हातात घेण्याआधी, क्रूसाची खूण करून आजचा दिवस देवाला द्यावा.
– चालताना दहा बोटांवर दहा "नमो मरिया" म्हणाव्यात. जपमाळ सोबत नसली तरी बोटे असतात.
– पहिली ओंजळ टोपलीत टाकताना "प्रभू, धन्यवाद" म्हणावे.
– दुपारी सावलीत बसल्यावर घरातील एकेकाचे नाव घेऊन देवाजवळ ठेवावे.
– रात्री झोपण्यापूर्वी तीन गोष्टी आठवाव्यात : आज काय मिळाले, कुठे चुकले, उद्यासाठी काय मागायचे.

यासाठी वेगळा वेळ फार लागत नाही. लागते ती रोजची सवय.

१९६२ साली चांद्याचे धर्मक्षेत्र स्थापन झाले तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता; तो १९८२ साली झाला. रस्ते कमी, पावसाळ्यात नाले भरलेले. त्या काळातील आपल्या वडीलधाऱ्यांकडे पुस्तके फारशी नव्हती. संध्याकाळी कंदिलाभोवती बसून केलेल्या प्रार्थनेवर त्यांची श्रद्धा टिकली. देवाने मान्नाचे एक भांडे पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगितले होते (निर्गम १६:३२-३४). आपल्या घरातील आजी-आजोबांच्या आठवणी हे आपले भांडे आहे. ते मुलांसमोर उघडा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात देवाची आठवण दिवसातून नेमकी कोणत्या वेळी होते? कोणती वेळ वाढवता येईल?
२. प्रार्थनेचा कंटाळा येतो तेव्हा आपण काय करतो?
३. या हंगामात आपल्या शेजारी कोणाची टोपली रिकामी आहे?
४. येत्या चार रविवारांपैकी कोणते बुडण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठी आज काय ठरवता येईल?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, रानात तू आमच्या आधी पोहोचतोस. आम्ही निजलेले असताना तू आमच्यासाठी जमिनीवर अन्न अंथरतोस. आजची भाकर आज दे, आजचे बळ आज दे. आम्ही कंटाळलो तरी तू कंटाळू नकोस. रानातून आमच्या माणसांना सुखरूप घरी आण. ज्यांची माणसे परत आली नाहीत त्यांच्याजवळ तू बैस, आणि आम्हालाही त्यांच्याजवळ बसव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.